‘अर्धसत्य’: चार दशकांनंतरही न संपलेली फिर्याद

गोविंद निहलानी यांच्या चित्रपटातील उपनिरीक्षक अनंत वेलणकर आजही का आठवतो? गुन्हेगारीपटांच्या गर्दीत या चित्रपटाचे स्थान अढळ का राहिले? आणि नालासोपारा-आचोळ्यासारख्या वस्तीत राहणाऱ्यांना त्याचा नव्याने विचार का करावासा वाटावा? एक मागोवा.

प्रतिनिधी, आचोळे (वसई)

हिंदी चित्रपटसृष्टीत गुन्हेगारीपटांची वाण कधीच नव्हती. दर दशकाने आपापले दरोडेखोर, तस्कर, टोळीप्रमुख आणि त्यांना संपवणारे पोलीस अधिकारी पडद्यावर आणले. त्यांतील बहुतेकांची स्मृती त्या त्या काळाबरोबर विरून गेली. १९८३ मध्ये प्रदर्शित झालेला ‘अर्धसत्य’ मात्र त्याला अपवाद ठरला. त्यात लोकप्रिय नायक नव्हता, गाणी-नाच नव्हते, शेवटी टाळ्या घेणारा विजयही नव्हता. तरीही तो चालला, गाजला आणि पुढे पोलीस व गुन्हेगारी यांवर चित्रपट काढू पाहणाऱ्या प्रत्येकाला त्याच्याकडे वळून पाहावे लागले.

या प्रतिष्ठेचे श्रेय अनेकदा ओम पुरी यांच्या अभिनयाला किंवा चित्रपटातील वास्तवदर्शनाला दिले जाते. ते योग्यच आहे, पण पुरेसे नाही. ‘अर्धसत्य’ टिकून राहिला याचे मुख्य कारण त्याने उभ्या केलेल्या प्रश्नात आहे. कायदा हतबल झाला की वर्दीतल्या माणसाने हात उचलावा, असे आपल्याला वाटते. तो हात प्रत्यक्षात कोणावर पडतो, हा तो प्रश्न. त्याचे उत्तर चित्रपटाने १९८३ मध्ये दिले. समाज म्हणून आपण ते अजून पूर्णपणे ऐकलेले नाही.

कथा: एका रागाचा प्रवास

अनंत वेलणकर हा मुंबईतील एका पोलीस ठाण्यातला उपनिरीक्षक. त्याला पुढे शिकायचे होते, परंतु पोलीस दलातून निवृत्त झालेल्या वडिलांनी त्याला बळेबळे वर्दीत ढकलले. अमरीश पुरी यांनी साकारलेला हा बाप घरात पत्नीवर हात उगारणारा आहे. लहानग्या अनंतने ते पाहिले आहे आणि आपण काहीच करू शकलो नाही, ही सल त्याच्या मनात कायमची रुतून बसली आहे.

वेलणकर प्रामाणिक आहे, कामाला वाघ आहे. ज्योत्स्ना गोखले या महाविद्यालयीन अध्यापिकेशी त्याची ओळख होते. स्मिता पाटील यांनी साकारलेली ही तरुणी पोलिसांच्या हिंसेबद्दल स्पष्ट मते बाळगणारी आहे. दोघांमध्ये स्नेह निर्माण होतो. त्याच सुमारास वेलणकरची गाठ रामा शेट्टी या टोळीप्रमुखाशी पडते. आपल्या पकडलेल्या माणसांना सोडावे, ही शेट्टीची सूचना वेलणकर धुडकावतो. पुढे शेट्टीच्याच टोळीतला एक मरणासन्न माणूस जबाबात शेट्टीचे नाव घेतो. वेलणकर तडक अटक करायला जातो. शेट्टी प्रतिकार करीत नाही, तो फक्त फोन उचलतो. थोड्याच वेळात वरिष्ठांचा आदेश येतो आणि वेलणकरला रिकाम्या हाताने परतावे लागते.

चित्रपटाचा कणा या प्रसंगात आहे. इथून पुढे वेलणकरच्या रागाला वाट उरत नाही. जिथे तो जायला हवा तिथला रस्ता बंद आहे, म्हणून तो खाली वाहू लागतो. ज्योत्स्नाची छेड काढणाऱ्या पोरांना कोठडीत बेदम मारले जाते. एका कुख्यात दरोडेखोराला जिवावर उदार होऊन पकडल्यानंतर त्याचे श्रेय दुसऱ्याच अधिकाऱ्याला दिले जाते. वेलणकर दारूच्या आहारी जातो. अखेर रेडिओ चोरल्याचा संशय असलेला एक भुरटा चोर त्याच्या मारहाणीत कोठडीतच मरतो.

इथे दिग्दर्शकाची दृष्टी किती स्वच्छ होती हे दिसते. ज्याच्यामुळे वेलणकर पेटला तो रामा शेट्टी सुरक्षित आहे, नगरसेवकपदाची निवडणूक लढवीत आहे. मेला तो एक रेडिओचोर. निलंबनाच्या कड्यावर उभ्या असलेल्या वेलणकरला शफी इनामदार यांनी साकारलेला त्याचा वरिष्ठ सहकारी हैदर अली व्यवहाराचा सल्ला देतो, की आता केवळ रामा शेट्टीच तुला वाचवू शकेल. वेलणकर जातो. शेट्टी मदत करायला तयार होतो, परंतु अट एकच, की त्याने शेट्टीचा माणूस व्हावे. त्या क्षणी वेलणकर त्याचा गळा आवळून खून करतो आणि पोलीस ठाण्यात जाऊन स्वतःला हवाली करतो.

हा शेवट पाहून चित्रपटगृहातून बाहेर पडणाऱ्या प्रेक्षकाला समाधानही वाटते आणि अस्वस्थही. खलनायक मेला हे समाधान. एक चांगला अधिकारी दोन खुनांचा आरोपी झाला आणि शेट्टीच्या फोनला ज्याने उत्तर दिले तो आपल्या खुर्चीत शाबूत राहिला, ही अस्वस्थता. चित्रपट यांपैकी एकच भावना घेऊन घरी जाऊ देत नाही.

हिंदी चित्रपट, मराठी मुळे

‘अर्धसत्य’ हिंदीत बोलतो, पण त्याचा पिंड मराठी आहे. मूळ कथा श्री. दा. पानवलकर यांची ‘सूर्य’. तिच्यावरून पटकथा लिहिली विजय तेंडुलकर यांनी आणि संवाद लिहिले वसंत देव यांनी. चित्रपटाचे शीर्षक दिलीप चित्रे यांच्या कवितेवरून आले. चक्रव्यूहाच्या प्रतिमेभोवती फिरणारी ही कविता ज्योत्स्नाच्या पुस्तकातून वेलणकरच्या हाती येते आणि तो ती वाचू लागतो. रामा शेट्टीच्या भूमिकेत सदाशिव अमरापूरकर होते. अहमदनगरचे (आताचे अहिल्यानगर) हे नट तोवर मराठी रंगभूमीवरच ओळखले जात होते. हिंदी पडद्यावर त्यांचा ठसा उमटवणारा हा पहिला चित्रपट.

तेंडुलकरांचा सहभाग विशेष ध्यानात घ्यावा लागतो. हिंसा हा त्यांच्या लेखनाचा कायमचा विषय होता आणि नेहरू शिष्यवृत्ती घेऊन त्यांनी समाजातील वाढत्या हिंसेचा अभ्यासही केला होता. ‘अर्धसत्य’च्या आधी निहलानी यांच्यासाठी त्यांनी ‘आक्रोश’ (१९८०) लिहिला होता. त्यातही न्यायव्यवस्थेसमोर मुका झालेला माणूस होता आणि ती भूमिकाही ओम पुरी यांनीच केली होती. मात्र वेलणकरचे नाते त्याहूनही मागे, थेट ‘घाशीराम कोतवाल’शी जोडता येते. १६ डिसेंबर १९७२ रोजी रंगभूमीवर आलेल्या त्या नाटकात पुण्याच्या कोतवालीचा अधिकार मिळालेला घाशीराम अपमानाचा सूड शहरावर उगवतो. त्याला तो अधिकार देणारा नाना फडणवीस गरज संपताच त्याला जमावाच्या हवाली करतो आणि स्वतः नामानिराळा राहतो. सत्ता आपल्या सोयीसाठी हिंसक कोतवाल घडवते, वापरते आणि टाकून देते, हे तेंडुलकरांचे निरीक्षण होते. अकरा वर्षांनी तेच निरीक्षण त्यांनी आधुनिक मुंबईच्या पोलीस ठाण्यात नेले. फरक इतकाच की घाशीरामची कीव येत नाही, वेलणकरची येते. कारण वेलणकर चांगला माणूस होऊ शकला असता, असे चित्रपट आपल्याला पटवून देतो.

वेलणकर पुढे कुठे पोहोचू शकतो, हेही चित्रपट आधीच दाखवून ठेवतो. नसीरुद्दीन शाह यांचा माईक लोबो हा निलंबित, दारूत बुडालेला पोलीस अधिकारी मोजक्याच प्रसंगांत येतो आणि रस्त्यावर बेवारशासारखा मरतो. व्यवस्थेशी जुळवून घेतले तर हैदर अली, न घेतले तर लोबो, असे दोनच रस्ते वेलणकरसमोर उरतात. तो तिसरा शोधतो आणि तो खुनाकडे जातो.

१९८२ ची मुंबई

चित्रपट ज्या मुंबईत घडतो ती समजून घेतल्याशिवाय त्याचा दाह कळणार नाही. ११ जानेवारी १९८२ रोजी वडाळ्यात मन्या सुर्वे हा गुंड पोलिसांच्या गोळ्यांनी मारला गेला. मुंबईतील पोलीस चकमकींच्या इतिहासात ही घटना आरंभीची मानली जाते. त्यानंतर अवघ्या आठवड्याने, १८ जानेवारीला, डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली कापड गिरण्यांचा संप सुरू झाला आणि गिरणगावाचे अर्थकारण कोसळले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबईच्या पोलीस शिपायांनीच संप केला. शहरात हिंसाचार झाला, लष्कर व निमलष्करी दलांना पाचारण करावे लागले आणि पोलिसांच्या संघटनेची मान्यता गेली. वर्दीतला माणूसही स्वतःला किती असहाय समजत होता, याचे ते उघड दर्शन होते.

कोठडीतील अत्याचार हा विषयही त्या वर्षांत चर्चेत होता. चंद्रपूर जिल्ह्यातील (आता गडचिरोली) देसाईगंज पोलीस ठाण्यात १९७२ मध्ये एका आदिवासी मुलीवर झालेल्या बलात्काराचा खटला आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आरोपी पोलिसांना निर्दोष ठरवल्यानंतर उसळलेला संताप ताजा होता. बिहारमधील भागलपूर येथे पोलिसांनी संशयितांचे डोळे फोडल्याचे प्रकरण १९८० मध्ये देशभर गाजले होते. म्हणजे ‘अर्धसत्य’मधील कोठडी लेखकाच्या कल्पनेतली नव्हती. वर्तमानपत्र वाचणाऱ्या प्रेक्षकाला ती ओळखीची होती.

त्याआधी ‘जंजीर’ने (१९७३) संतप्त पोलीस निरीक्षकाला नायक केले होते. त्या चित्रपटात अधिकाऱ्याचा राग योग्य माणसापर्यंत पोहोचतो, सूड पुरा होतो आणि प्रेक्षक सुटकेचा श्वास टाकतो. ‘अर्धसत्य’ने तोच राग घेतला आणि त्याला ठाण्याच्या रोजच्या कारभारात आणून ठेवले. तिथे फिर्यादी असतात, जबाब असतात, वरून येणारे फोन असतात, बदल्या आणि निलंबने असतात. तिथे राग योग्य माणसापर्यंत पोहोचत नाही.

रामा शेट्टी: खलनायकाची नवी जात

अमरापूरकरांच्या रामा शेट्टीने खलनायकाची जातकुळीच बदलली. तोवरच्या खलनायकांजवळ गुप्त अड्डे, विचित्र पोशाख आणि मोठे आवाज असत. शेट्टीला यातल्या कशाचीच गरज नाही. त्याची ताकद फोनच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या माणसात आहे. निवडणूक लढवायला निघालेला गुंड हे त्याचे खरे भय. कारण निवडून आल्यावर त्याला फोन करावा लागणार नाही, फोन त्यालाच येऊ लागतील.

या भूमिकेने अमरापूरकरांना सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्याचा फिल्मफेअर पुरस्कार मिळवून दिला. त्याच सोहळ्यात सर्वोत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शन, कथा (पानवलकर) आणि पटकथा (तेंडुलकर) हे पुरस्कारही ‘अर्धसत्य’ने पटकावले. राष्ट्रीय पुरस्कारांत तो सर्वोत्कृष्ट हिंदी चित्रपट ठरला, तर ओम पुरी सर्वोत्कृष्ट अभिनेते. कार्लोव्ही व्हारी येथील आंतरराष्ट्रीय महोत्सवातही १९८४ मध्ये ओम पुरी यांना अभिनयाचा सन्मान मिळाला. समांतर चित्रपट समीक्षकांना आवडतात आणि तिकीटबारीवर पडतात, या समजाला ‘अर्धसत्य’ने छेद दिला.

वारसदारांनी काय घेतले?

त्यानंतर पोलीसपटांचा ओघ कधी थांबला नाही. खुद्द निहलानी यांनी ‘द्रोहकाल’ (१९९४) आणि ‘देव’ (२००४) या चित्रपटांतून हा विषय पुढे नेला. राम गोपाल वर्मा यांच्या ‘सत्या’ने (१९९८) गुंडांच्या घरात कॅमेरा नेला. ‘अब तक छप्पन’मध्ये (२००४) चकमकफेम अधिकारी केंद्रस्थानी आला. मराठीत अभिजित पानसे यांच्या ‘रेगे’ने (२०१४) डॉक्टर होऊ पाहणारा मध्यमवर्गीय मुलगा आणि चकमकी करणारे पोलीस यांची गाठ घालून प्रेक्षकाला हादरवले. या चित्रपटांनी कमीअधिक प्रमाणात ‘अर्धसत्य’ची अस्वस्थता जपली.

तथापि लोकप्रियतेच्या प्रवाहाने वेगळीच दिशा धरली. २०११ च्या ‘सिंघम’मधील बाजीराव सिंघमही मराठीच, प्रामाणिकही, राजकारणी-गुंडाकडून अपमानित झालेलाही. कथेची पूर्वपीठिका वेलणकरचीच म्हणावी लागेल. शेवट मात्र उलटा. तिथे सगळे पोलीस दल एकत्र येऊन खलनायकाला संपवते आणि सर्वांच्या संमतीने त्या मृत्यूला साजेशी कहाणी रचली जाते. कोणी स्वतःला हवाली करीत नाही, कारण कोणाला तसे करावेसे वाटत नाही. मुंबई उच्च न्यायालयाचे तत्कालीन न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी सप्टेंबर २०२३ मध्ये एका जाहीर भाषणात अशा चित्रपटांचा नेमका उल्लेख करून, कायदेशीर प्रक्रियेला वळसा घालणाऱ्या झटपट न्यायाचा संदेश धोकादायक असल्याचे बजावले होते.

थोडक्यात, वारसदारांनी ‘अर्धसत्य’चा राग घेतला आणि त्याची किंमत वगळली. रामा शेट्टीचा गळा आवळणारे हात त्यांना आठवले, रेडिओचोराला मारणारेही तेच हात होते याचा विसर पडला.

पडद्याबाहेर, नालासोपाऱ्यात

गिरणी संपानंतर गिरणगावातून बाहेर पडलेल्या अनेक कुटुंबांनी परवडणाऱ्या घराच्या शोधात पश्चिम रेल्वेने उत्तरेची वाट धरली आणि नालासोपारा, विरार गाठले. त्यांच्या मागोमाग महाराष्ट्राच्या अन्य भागांतून आणि परराज्यांतूनही माणसे आली. आचोळे हे नालासोपारा पूर्वेचे जुने गाव या लोंढ्यात दाट वस्तीचे उपनगर झाले. ‘अर्धसत्य’ने चितारलेल्या मुंबईचे प्रश्न त्या माणसांबरोबर इथेही आले, असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

२०१९ च्या विधानसभा निवडणुकीत या मतदारसंघाने एक असाधारण लढत पाहिली. मुंबई पोलीस दलातील चकमकफेम अधिकारी प्रदीप शर्मा यांनी त्या वर्षी सेवेचा राजीनामा दिला आणि तेव्हाच्या शिवसेनेतर्फे नालासोपाऱ्यातून उमेदवारी केली. बहुजन विकास आघाडीचे क्षितिज ठाकूर यांनी त्यांचा पराभव केला. प्रचारात त्यांची चकमकफेम अधिकारी ही ओळख हेच मोठे आकर्षण होते. दहशत मोडून काढणारा कोणीतरी कठोर माणूस हवा, ही भावना त्यामागे होती आणि ती सर्वस्वी निराधार होती असेही नाही.

त्या वेळी शर्मा यांच्यामागे एका खटल्यातील निर्दोष मुक्तता होती. ११ नोव्हेंबर २००६ रोजी रामनारायण गुप्ता ऊर्फ लखन भैया याला वाशीतून उचलण्यात आले आणि त्याच सायंकाळी वर्सोव्यात तो चकमकीत मारला गेल्याचे जाहीर झाले. त्याच्या वकील भावाने त्याला ताब्यात घेतल्याबद्दल तातडीने वरिष्ठांना कळवले होते. त्या संदेशांची नोंद पुढे महत्त्वाची ठरली. गुप्ताबरोबर उचललेला मित्र हा प्रमुख साक्षीदार होता. २०११ मध्ये न्यायालयात साक्ष होण्यापूर्वीच तो मारला गेला. २०१३ मध्ये सत्र न्यायालयाने १३ पोलिसांसह २१ जणांना दोषी ठरवले, शर्मा यांना मात्र सोडले. १९ मार्च २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या न्या. रेवती मोहिते डेरे व न्या. गौरी गोडसे यांच्या खंडपीठाने ती मुक्तता रद्द करून शर्मा यांना जन्मठेप सुनावली आणि १२ पोलिसांसह १३ जणांची जन्मठेप कायम केली. शर्मा यांनी या निकालाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. एप्रिल २०२४ मध्ये त्यांना शरण जाण्यापासून अंतरिम दिलासा मिळाला.

त्याच वर्षी २३ सप्टेंबरला बदलापूर येथील बालिका अत्याचार प्रकरणातील आरोपी पोलीस वाहनात गोळी लागून मरण पावला. बदलापुरात पेढे वाटले गेले. गुन्हा इतका घृणास्पद होता की त्या भावनेला दोष देणे कठीण. पण २०२५ च्या आरंभी न्यायदंडाधिकाऱ्यांच्या चौकशी अहवालाने वाहनातील पोलिसांना जबाबदार धरले आणि एप्रिलमध्ये उच्च न्यायालयाने त्यांच्यावर गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला. खटला चालला असता तर त्या शाळेत नेमके काय घडले, कोणी दुर्लक्ष केले, तक्रार घ्यायला विलंब का झाला, हे सारे भर न्यायालयात आरोपीसमोर तपासले गेले असते. आरोपीच्या मृत्यूने ती संधी संपली. शेट्टी मेल्यावर त्याच्या फोनला उत्तर देणाऱ्याचे नाव कोणाला कळणार नव्हते, तसेच हे.

कायदा बदलला, किती?

वेलणकरच्या ठाण्यात आणि आजच्या ठाण्यात नियमांच्या दृष्टीने बरेच अंतर आहे, हे नमूद केले पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये डी. के. बसू खटल्यात अटकेचे नियम घालून दिले. अटकेचा साक्षीदारासह पंचनामा, नातेवाइकाला तातडीने सूचना, कोठडीत दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी, या त्यांतल्या प्रमुख अटी. कोठडीतील मृत्यूची न्यायदंडाधिकाऱ्यांमार्फत चौकशी २००६ पासून सक्तीची झाली. डिसेंबर २०२० मध्ये प्रत्येक पोलीस ठाण्यात, कोठडीसह, सीसीटीव्ही कॅमेरे बसवण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिला. रेडिओचोराच्या वेळी यांतले काहीही असते तर कदाचित तो वाचला असता, आणि वेलणकरही.

चकमकींबाबत २०१४ मध्ये पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्वतंत्र निर्देश दिले. प्रत्येक मृत्यूची प्राथमिक माहिती नोंदवावी, तपास सीआयडीने अथवा दुसऱ्या ठाण्याच्या पथकाने करावा आणि घटनेनंतर लगेच संबंधितांना बढती वा शौर्यपदक देऊ नये, असे त्यांत म्हटले आहे. श्रेय आणि पदक यांच्या मागे लागलेली यंत्रणा कशी बिघडते, हे ‘अर्धसत्य’ने ३१ वर्षे आधीच दाखवले होते.

वरून येणाऱ्या फोनचे काय? २००६ च्या प्रकाश सिंह निकालात अधिकाऱ्यांना निश्चित कार्यकाळ, बदल्यांसाठी आस्थापना मंडळे आणि पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी स्वतंत्र प्राधिकरणे असावीत, असे सांगण्यात आले. महाराष्ट्राने २०१४ मध्ये पोलीस कायद्यात दुरुस्ती करून या यंत्रणा उभारल्या. फोन थांबले का, याचे उत्तर कोणत्याही ठाणे अंमलदाराच्या चेहऱ्यावर वाचता येईल.

वसई-विरारपुरते सांगायचे तर ऑक्टोबर २०२० मध्ये मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालय सुरू झाले आणि पुढे आचोळ्यालाही स्वतंत्र पोलीस ठाणे मिळाले. लोकसंख्येच्या मानाने ते अत्यावश्यकच होते. ठाणे जवळ आले की फिर्याद नोंदवणे सोपे होते. ती कुठवर जाते, हा मात्र वेगळा प्रश्न.

इमारती पडल्या, पुढे?

या प्रश्नाचे सर्वांत वेदनादायी उदाहरण आचोळ्यानेच पाहिले आहे. सांडपाणी प्रक्रिया केंद्र व कचराभूमीसाठी राखीव असलेल्या जागेवर अग्रवाल नगरी परिसरात ४१ अनधिकृत इमारती उभ्या राहिल्या. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर नोव्हेंबर २०२४ ते फेब्रुवारी २०२५ या काळात महापालिकेने त्या पाडल्या. त्यांत राहणारी कुटुंबे बहुतांशी कष्टकरी होती. आयुष्याची पुंजी देऊन त्यांनी ही घरे घेतली होती. आपले कागद खोटे आहेत हे त्यांतील अनेकांना नोटिसा आल्यावरच कळले.

न्यायालयाच्या आदेशाबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. राखीव भूखंड हा सर्वांचा असतो. पण ४१ इमारती एका रात्रीत उभ्या राहत नाहीत. पाया खणला जातो, मजले चढतात, वीज-पाण्याच्या जोडण्या मिळतात. या प्रत्येक पायरीवर कोणीतरी पाहणारा असतो आणि त्याने पाहू नये म्हणून सांगणाराही कोणीतरी असतो. २०२५ मध्ये सक्तवसुली संचालनालयाने या बांधकामांमागील आर्थिक व्यवहारांचा तपास हाती घेतला आणि छापे घातले. दोषी कोण हे न्यायालये ठरवतील. पण कारवाईचा पहिला आणि पूर्ण आघात कोणावर झाला, हे आचोळ्यातल्या कोणालाही विचारण्याची गरज नाही.

इथे बंदूक नव्हती, चकमक नव्हती, कोठडीही नव्हती. तरीही घडणीचा क्रम ‘अर्धसत्य’चाच. वरच्या माणसाने फायदा घेतला, मधल्याने डोळेझाक केली आणि शिक्षा साखळीच्या शेवटच्या टोकाला उभ्या असलेल्याला मिळाली.

नावातच सारे

‘अर्धसत्य’मधील बहुतेक कलावंत आज आपल्यात नाहीत. स्मिता पाटील १९८६ मध्ये गेल्या, शफी इनामदार १९९६ मध्ये, अमरीश पुरी २००५ मध्ये. तेंडुलकर २००८ मध्ये आणि चित्रे २००९ मध्ये निवर्तले. अमरापूरकरांचे २०१४ मध्ये, तर ओम पुरी यांचे ६ जानेवारी २०१७ रोजी निधन झाले. चित्रपटातील मुंबईही राहिलेली नाही. गिरण्यांच्या जागी मनोरे उभे आहेत आणि गिरणी कामगारांची नातवंडे सकाळची विरार लोकल पकडून त्याच मनोऱ्यांत कामाला जातात.

मग चित्रपट जुना का झाला नाही? कारण त्याने प्रेक्षकाला सोपी सुटका दिली नाही. वाईट माणसाला मारणारा चांगला पोलीस हे सत्य आहे, पण अर्धे. त्याच पोलिसाच्या हाताखाली सापडलेला निराधार माणूस हे उरलेले अर्धे. पहिले अर्धे पाहून टाळ्या वाजवायच्या आणि दुसरे पाहताना मान फिरवायची, ही सवय १९८३ च्या प्रेक्षकाला होती तशी आजच्यालाही आहे. कठोर हाताची मागणी करताना तो हात उद्या कोणाच्या मानगुटीवर असेल, हा विचार मतदाराने, वाचकाने आणि प्रेक्षकाने करायचा आहे. त्यासाठी उजळणी म्हणून ‘अर्धसत्य’ पुन्हा एकदा पाहायला हरकत नाही. ज्या नव्या पिढीने वेलणकरचे नावही ऐकलेले नाही, तिने तर तो आवर्जून पाहावा.